चोवीस अंश

गंधकाचा ढीग रुवैसच्या धक्क्याकडे तोंड करून बसलेला,
हळदीच्या वखारीचं छप्पर उडून जावं तसा.
वास मात्र हळदीचा नाही.
पहिल्या महिन्यात तो वास जेवू देत नाही,
दुसऱ्यात येईनासा होतो,
आणि तेव्हाच खरं सांभाळायचं, असं
हेल्मेट देताना सांगतात.

तीन नंबरच्या खड्ड्यात निचऱ्याचं पाणी.
ऐंशी अंश.
आंबटपणा लिंबाच्या रसाइतका,
म्हणजे उकळायला ठेवलेल्या लिंबाच्या रसाइतका.
इथे काही जगत नाही, असं नियमपुस्तकात
पान एकेचाळीसवर छापलेलं होतं,
म्हणून खड्ड्यावरची जाळी कोण खातंय
हे आम्ही वर्षभर कुणाला विचारलंच नाही.

दाऊद मुकादमनं विचारलं.
दाभोळचा माणूस. सत्तावीस वर्षं
पाइपांवरून हात फिरवत आलेला.
"मॅडम, ह्यो गंज नाय. ह्या कोणीतरी खाल्लाय."
आणि वाकून बघू लागला,
पातेल्यावरचं झाकण सरकलेलं दिसलं की
आपण मांजर शोधतो तसा.

लांब दांड्याच्या कुपीनं नमुना काढला.
राखाडी, पेजेवर धरलेल्या सायीसारखा.
सूक्ष्मदर्शकाखाली वेडेवाकडे गोळे,
चिमटीत दाबून सोडून दिलेल्या कणकेचे.
जिवाणू नव्हेत. कूळच निराळं,
आणि जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळचं, म्हणतात.
गंधक खातात, आम्ल सोडतात,
त्याच आम्लात राहतात.

एवढं वहीत लिहिलं आणि
कॅम्पातली माझी खोली आठवली.
पुढची ओळ लिहिली. खोडली.
ते काही इथे कर्ज काढून आले नव्हते.
कुणी त्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवले नव्हते.
त्यांना सोसावं लागत नव्हतं काहीच.
त्यांचं घर होतं ते.

मग मी चांगुलपणा केला.
नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात तीनदा धुतला,
बाळाची बाटली धुवावी इतक्या निगुतीनं,
आणि टेबलावर ठेवून सुटीवर गेले.
एसी चोवीसवर.

सोमवारी काचेखाली नुसती गढूळ साय.
गोळे फुटलेले.
"कशानं मेले?" दाऊदभाई दारातून.
"गारव्यानं. आणि स्वच्छ पाण्यानं."
तो हसला, हसता हसता खोकला,
मग बराच वेळ बाहेरच्या सत्तेचाळीस अंशांत
टोपी हातात घेऊन उभा राहिला.

सप्टेंबरात तो कायमचा गेला.

जानेवारीत फोन. खाडीवरचं वारं
त्याच्या आधी बोलत होतं.
स्वेटर घालून बसलोय, म्हणाला.
चारला जाग येते, ड्यूटीची.
बायको बांगडे तळते, पोरं नाक वर करतात,
"मना काय पण येत नाय वास.
विचारावा लागतो, आज काय केलास."
मी काही बोलले नाही.
"डॉक्टरनं काय सांगितलं?" असं विचारायला हवं होतं.

"तीन नंबरातली ती मंडळी हायत?"
"आहेत. नवी जाळी बसवली होती,
दोन महिन्यांत निम्मी संपली."
"बरा," तो म्हणाला,
गावाकडची ख्यालीखुशाली कळल्यासारखा.

आता नमुना न्यायला मी थर्मास वापरते.
आत काच असलेला, जुना,
त्याच्या लॉकरच्या तळाशी राहिलेला.
त्यांचंच पाणी, त्यांच्याच आंबटासकट,
झाकण गच्च फिरवून, धावत प्रयोगशाळेत.
धुवत नाही. निवू देत नाही.
झाकणावर खिळ्यानं कोरलंय: दा. मु.
आणि खाली, बारीक,
चहा.